हळदीकुंकवाचा प्रिंटर

गेल्या संक्रांतीला मी जाहीर करून टाकलं, की यंदा हळदीकुंकवाला चहाची गाळणी वाटायची नाही. आमच्या सुदामा नगरात वाण म्हणून इतक्या गाळण्या, साबणदाण्या आणि प्लॅस्टिकच्या वाट्या फिरल्या आहेत, की एकदा मीच दिलेली गाळणी चार घरं हिंडून माझ्याकडे परत आली. किमतीची चिठ्ठी खरवडताना दांडीवर मीच पाडलेला ओरखडा होता, म्हणून ओळखली. देणारीला मी हसून 'किती छान' म्हटलं. करणार काय!

"यंदा येईल तिचा तिथल्या तिथे फोटो काढायचा, छापायचा आणि हातात द्यायचा," मी म्हटलं. "हेच वाण."

नवरा खूश झाला. त्याला काहीतरी विकत घ्यायला निमित्तच लागतं. खरं कारण मी त्याला सांगितलं नाही.

खरं कारण होतं माझ्या सासूबाई. सासरे गेल्यापासून त्या हळदीकुंकवाला बाहेर येत नाहीत. कुणी नको म्हटलेलं नाही, त्यांचं त्यांनीच ठरवलं. एके काळी आमच्या गल्लीत हळदीकुंकू म्हणजे सासूबाईंचं. आता त्या दिवशी त्या दुपारीच आपल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतात आणि आतून हुकूम सोडतात, "अगं, अत्तर राहिलं!" "सतरंजीला सुरकुती आहे बघ!" न बघता सुरकुती कशी दिसते देव जाणे. पहिल्या वर्षी मी म्हटलं, "आई, चला ना." त्या म्हणाल्या, "माझं आता ते नाही." पुढच्या वर्षी मी विचारलंच नाही, आणि त्याची मला अजून लाज वाटते. मी तापट बाई आहे. रिक्षावाल्यांशी, बँकेशी, मुलाच्या शाळेशी भांडून झालंय. पण त्या एका वाक्याशी भांडायचं मला जमलं नाही. यंदा मात्र त्यांना बायकांत आणून बसवायचं आणि माझ्या हाताने हळदीकुंकू लावायचं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. डाव साधा होता. मी हळदीकुंकवाची थाळी धरणार, नवऱ्याला बायकांत थारा नाही, मग मशीनपाशी बसणार कोण?

आधी मशीन तर हवं. नवऱ्याने आठ दिवस व्हिडिओ बघितले, रकाने आखून तक्ता केला आणि रोज जेवताना मला नव्या शंका वाढल्या. त्याचा जीव खिशात मावणाऱ्या प्रिंटरवर जडला होता. "मांडूला गेलो की तिथेच फोटो छापता येईल!"

"मांडूला आपण शेवटचं कधी गेलो?" मी म्हटलं. "आणि तुमच्या खिशात रुमाल टिकत नाही, प्रिंटर टिकेल?"

शेवटी जेल रोडवरच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने आमच्या इकडच्या हिंदीत नवऱ्याला विचारलं, "भिया, घर के लिए चाहिए कि घूमने के लिए?"

"दोनों," नवरा म्हणाला.

"पच्चीस औरतों के लिए," मी म्हटलं.

"हओ मैडमजी," तो लगेच गंभीर झाला, "फिर तो रिझल्ट साफ चाहिए, नहीं तो मशीन वापस आएगी."

त्याने माझा एकच फोटो तीन मशीनांवर छापून दिला. मी तिन्ही नमुने घरी आणून मुद्दाम सासूबाईंपुढे ठेवले. त्यांनी खिशातल्या प्रिंटरचा फोटो उचलला, चष्म्याजवळ नेला, लांब धरला. "ही तू आहेस का मी?" नवऱ्याचा चेहरा पडला. मग त्या उठल्या, स्वयंपाकघरात जाऊन बोट ओल्या हळदीत बुडवून आल्या. "बायकांची बोटं त्या दिवशी अशीच असणार," असं म्हणत त्यांनी ते दुसऱ्या फोटोवर फिरवलं आणि पदराने पुसलं. तो शाईच्या प्रिंटरचा होता. हळद गेली, जाताना माझं नाकही घेऊन गेली. तिसरा फोटो पोस्टकार्डाएवढा, रंगाचं रीळ घालून छापतात तो. त्यावर बोट फिरवलं, पुसलं. मी होते तशीच होते.

"हा घ्या," सासूबाई म्हणाल्या. आठ दिवसांचा तक्ता एका बोटात निकाली निघाला.

हीच वेळ साधून मी म्हटलं, "पण आई, त्या दिवशी मशीन सांभाळणार कोण? तुम्हीच बसा ना हॉलमध्ये."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्या काही खुळ्या नाहीत. "बसते की," म्हणाल्या. "माझ्या खोलीत. मशीन फोनवरून वायरशिवाय चालतं म्हणालीस ना? तू तिकडून पाठव, मी इकडे छापते."

मला इतका राग आला, की त्या दिवशीचे पोहे मी खारट केले. मुद्दाम नाही, पण झाले.

हळदीकुंकवाच्या दिवशी पाच वाजल्यापासून बायका यायला लागल्या. पहिला फोटो समोरच्या काकूंचा काढला, आत पाठवला आणि सगळ्या वाट बघत बसलो. या मशीनमधून कागद एकदम येत नाही. थोडा बाहेर येतो, आत जातो, पुन्हा येतो, दर खेपेला एकेक रंग चढवून. हे रंग चढताना मी कधी नीट बघितलेच नव्हते. दुकानात मशीनचं तोंड दुकानदाराकडे होतं, आणि घरी छापून बघितलं तेव्हा मी आणि नवरा वायफायवरून भांडत होतो.

काकूंना कुठला धीर! त्या उठून सरळ खोलीत गेल्या आणि आतून ओरडल्या, "अगं बाई, हे काय! मी पिवळी झाले! मशीन खराब आहे तुमचं!"

"थांबा हो," सासूबाईंचा आवाज आला. "मध्ये हात लावायचा नाही. याच्यावरच चेहरा चढतो."

कागद आत गेला आणि लाल होऊन आला. "आधी हळद, मग कुंकू!" काकू किंचाळल्या. "अरे यार, ये तो कमाल है! या गं सगळ्या!"

झालं! हॉलमधल्या बायका उठल्या आणि खोलीत घुसल्या. कुणी पलंगावर, कुणी खाली, दोघी दाराच्या चौकटीत. मी थाळी घेऊन हॉलमध्ये उभी, समोर सुरकुती नसलेली सतरंजी आणि माणूस एक नाही. मग मीही गेले आत. प्रत्येकीचा फोटो पिवळा येताना "हळद!" आणि लाल येताना "कुंकू!" असा गलका. एकीने डोळे मिटले म्हणून दुसऱ्यांदा काढवून घेतला, एकीला तिसऱ्यांदाही हनुवटी पसंत पडेना. मधोमध सासूबाई, हेडमास्तरणीसारख्या दटावत, "हात मागे! चेहरा चढू दे!" इतकं हसताना मी त्यांना तीन वर्षांत बघितलं नव्हतं.

सगळ्यांचे झाले तेव्हा काकू म्हणाल्या, "आता यांचा काढ."

"माझा कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "कागद वाया."

मी ऐकलंच नाही. फोन उचलला, टिपला, पाठवला. मशीन घरघरायला लागलं. पुढे काय येणार ते आता प्रत्येकीला माहीत होतं.

कागद बाहेर आला. त्यांचं कपाळ, गाल, पांढरे केस, सगळं पिवळं. त्यांनी तो ओढून काढायला हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. कागद आत गेला, लाल होऊन आला. कुणी "कुंकू" म्हटलं नाही. मग निळा रंग चढला, वरची चकाकी चढली, आणि फोटो त्यांच्या हातात पडला. पांढरे केस, फिकट साडी, कोरं कपाळ.

"गेलं वाटतं सगळं," त्या हळूच म्हणाल्या.

"गेलं कुठं?" मी जवळजवळ भांडलेच. मला रडू येत होतं आणि रडू आलं की मी भांडते. "खालीच आहे ते! मघापासून तुम्हीच सगळ्यांना सांगताय ना, याच्यावरच चेहरा चढतो म्हणून!"

त्या फोटोकडे बघत राहिल्या. मग मान वर करून नेहमीच्या आवाजात मला म्हणाल्या, "मग उभी काय राहिलीस? थाळी आण."

थाळी माझ्या डाव्या हातातच होती आणि मी ती खोलीभर शोधत होते.