क्लेम पास झाल्याचे पेढे

वारज्यात मानसोपचारतज्ज्ञांच्या दवाखान्यात आम्ही सगळे मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसतो. त्या दिवशी एक अनोळखी बाई चक्क पेढे वाटत आल्या. "घ्या हो, माझ्या डिप्रेशनचा क्लेम पास झाला!"

माझा क्लेम विमा कंपनीने नुकताच नाकारला होता. मी पेढा घेतला, अभिनंदन केलं आणि आतून जळून गेले.

ओढणीला बोटं पुसत त्या म्हणाल्या, "सासूबाईंना सांगितलं, कंपनीलासुद्धा पटलं, आता तरी नाटकं म्हणू नका."

पैशांचं एक वेळ सोडा, पण घरात हे असं ठणकावून सांगायचं! माझ्या घरच्यांना वाटतं, मी पाठदुखीसाठी फिजिओथेरपीला जाते. पेढा घरी नेला असता तर 'कसला?' हे आलंच असतं. म्हणून जिन्यातच खाऊन टाकला. चांगला होता, तेही मला खुपलं.