अक्काची किडनी आणि उंटाचा हूक

"रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे," डॉक्टर म्हणाले, "आणि तुम्हाला हे परवडणारं नाही, ताई."

मला हसूच आलं. म्हटलं, हे दुखणं कुणाला परवडतं हो? आता कोरोना म्हणजे लोकांना सर्दी-पडसं वाटतं. पण मी किडनी बदललेली बाई. किडनी माझ्या थोरल्या बहिणीची, चाळीसगावकडच्या अक्काची. शरीरानं ती परकी म्हणून हाकलू नये, यासाठी मला जन्मभर 'इम्युनोसप्रेसंट' गोळ्या घ्याव्या लागतात. या गोळ्या आपली प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. घरात चोर आला तरी कुत्रं भुंकायचं नाही, असा प्रकार. लशीचे सगळे डोस घेतले होते, तरी माझ्या रक्तात 'अँटिबॉडी', म्हणजे विषाणूला धरणारी प्रथिनं, जवळजवळ तयारच झाली नव्हती. माझ्यासारखी गोळ्यांवर असलेली जी मंडळी हे वाचत असतील त्यांना सांगते, लस घ्याच, पण तिच्या भरवशावर बिनधास्त हिंडू नका.

मी हिंडले. गेले ती वांग्याच्या भरताच्या पार्टीला.

थंडीत आमच्या खानदेशात शेतात भरीत झालं नाही तर हिवाळा आला असं कुणी म्हणणार नाही. अक्काच्या मळ्यात कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्या, वांगी भाजली, मिरच्या भाजल्या. त्या धुरानं सगळेच खोकत होते. अक्काही खोकत होती. "मिरचीचा ठसका शे," म्हणाली आणि माझ्या ताटात स्वतःच्या हातानं भरीत वाढलं, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पुऱ्या वाढल्या. उघड्या रानात कसला आलाय कोरोना, असं मलाही वाटलं. मिरचीच्या धुरात कुणाचा खोकला कशाचा, हे ओळखणार कोण? दुसऱ्या दिवशी अक्काला ताप भरला. पाठोपाठ मला.

धुळ्यातल्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, "विषाणूशी लढायचं तर तुमच्या काही गोळ्या थांबवाव्या लागतील. पण गोळ्या थांबवल्या तर शरीर किडनीवर उठू शकतं. दोन्हीकडे लक्ष ठेवू."

म्हणजे जीव वाचवायला जावं तर अक्काची किडनी जाणार, आणि किडनी सांभाळावी तर जीव. मी भिंतीकडे तोंड करून रडले.

किडनीचं ऑपरेशन झाल्यापासून अक्काचा रोज सकाळी फोन यायचा. माझी विचारपूस नाहीच. पहिलं वाक्य ठरलेलं, "मन्ही किडनी कशी शे?" मी म्हणायची, "तुझी किडनी मजेत आहे, तुझ्यासारखीच बडबडी." दवाखान्यात असतानाही फोन यायचा. पण आता ती नुसतं "तू कशी शे?" विचारायची आणि फोन ठेवायची. एकदा म्हणाली, "बठ्ठं मन्हामुळे झायं." "सगळं तुझ्यामुळे कसं?" मी तिच्यावर खेकसले, पण तिची हिंमत काही परत येईना.

अक्काची मुलगी ऋतुजा पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. कोरोनावर 'नॅनोबॉडी' तयार करणाऱ्या गटात ती आहे. मी शिवणक्लास चालवणारी बाई, तिनं माझ्याच भाषेत सांगितलं होतं, "मावशी, आपली अँटिबॉडी म्हणजे अख्खा ब्लाऊज समज. उंटाच्या रक्तात एक साधी अँटिबॉडी असते. तिचा पकडणारा तुकडा, म्हणजे नुसता हूक, आम्ही वेगळा काढतो. तो इतका लहान असतो, की विषाणूच्या काट्यावरच्या खाचेत जाऊन बसतो. मग विषाणूला पेशीत शिरता येत नाही." असे हूक साध्या जिवाणूंमध्येही वाढवता येतात, आणि पुढेमागे वाफेसारखे नाकातून फुप्फुसात देता येतील, अशी त्यांची आशा आहे.

ऑक्सिजनची नळी नाकात असताना मी तिला फोन केला. "तुझा तो हूक दे ना मला. माझ्यावरच बघ प्रयोग करून."

ती म्हणाली, "मावशी, अजून ते प्राण्यांवरच तपासतोय. माणसाला सुरक्षित आहे की नाही, मलाच माहीत नाही. तू माझी मावशी आहेस म्हणून तर मुळीच देणार नाही." मला राग आला, फोन ठेवून दिला. आधीच्या लाटांत देत होते ती अँटिबॉडीची इंजेक्शनं का देत नाही, हेही डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "विषाणूनं रूप बदललंय, जुनी इंजेक्शनं आता त्याला धरत नाहीत."

विषाणूविरोधी औषध चालू होतंच. रोज रक्त काढायचे, 'क्रिएटिनिन' बघायचे. किडनी थकली की रक्तातला हा कचरा वाढतो. तो आधी वाढत गेला. मी नर्सबाईंचं तोंड बघूनच ओळखायची. मग एका सकाळी डॉक्टर स्वतः आले. "उतरतंय. ऑक्सिजनही कमी करू. गोळ्या हळूहळू परत सुरू." देवा, त्या माणसाच्या पायाच पडावं असं वाटलं मला!

घरी आल्यावर आधी ऋतुजाला फोन केला. म्हटलं, "नाही म्हणालीस ते बरं केलंस गं. पण लवकर कर. माझ्यासारख्या पुष्कळ जणी वाट बघतायत." ती म्हणाली, "घाईनं नाही मावशी, नीट करते."

यंदा पुन्हा भरीत झालं. काठेवाडी मेंढपाळांचा कळप अक्काच्या शेतात बसला होता, बांधाला त्यांचे दोन उंट उभे. मी मास्क लावून त्यांच्याजवळ गेले, भाकरीत गूळ घालून पुढे धरली. मेंढपाळ हसायला लागला. त्याला काय सांगणार?

अक्काला सकाळपासून जरा खोकला होता. घरी कोरोनाची तपासणी करून आली होती, काही निघालं नव्हतं. तरी ती पंगतीत आली नाही. ताट घेऊन एकटीच पार पलीकडच्या बांधावर जाऊन बसली. मी इकडे जेवत होते, डोळे तिच्याकडेच.

तेवढ्यात तिकडून तिनं हात तोंडाशी धरून सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशी हाळी दिली,

"ए! मन्ही किडनी कशी शे?"