घरचा दोर

आमच्या गावात गोफात उभे राहायला पाय लागत नसत, नाते लागे. हे मी आज म्हणते. तेव्हा मी स्वतः नात्यानेच शिरले होते आणि त्यात मला काहीच गैर वाटले नव्हते.

भुलाबाईच्या महिन्यात, भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत, आम्ही मुली घरोघर गाणी म्हणत हिंडायचो. गाण्याला कुणीही यावे. गोफाचा मान मात्र निराळा. कोजागिरीला दिवस मावळायच्या आत मारुतीपुढच्या कडुलिंबाला बारा रंगीत दोर बांधत आणि बारा मुली ते हातात धरून फिरत. सहा जणी एका बाजूने, सहा जणी उलट्या बाजूने, एकीच्या आतून, दुसरीच्या बाहेरून. वर दोरांची वेणी पडत जाई, आणि मग उलट्या पावली फिरून ती पुन्हा सोडवायची. एकेक दोर एकेका घराचा. मुलीचे लग्न ठरले की ती आपल्या हाताने तो धाकट्या बहिणीला देई. बहीण नसली तर दुसऱ्या गावची मामेबहीण शोधून आणत, पण दोर बाहेर जाऊ देत नसत.

माझा दोर आत्याचा. आत्या विधवा होऊन माहेरी आलेली आणि गोफाचा सगळा कारभार तिच्याकडे. दहाव्या वर्षी तिने मला उभे केले. गोफ विणताना चूक कळत नाही, सोडवताना कळते. तिसऱ्या फेरीला बाहेरून जायचे तिथे मी आतून गेले, आणि उलटे फिरताना वेणी अडली ती अडलीच. शेवटी आत्याने विळा मागवून दोर कापले. गाव पोट धरून हसले. मी त्या दिवशी जेवले नाही. तरी पुढच्या वर्षी जागा माझीच! आत्याला विचारायची कुणाची छाती होती?

पंधराव्या वर्षी माझे लग्न ठरले. धाकटी बहीण अकरा वर्षांची. तीन वर्षे ती त्या दोराची वाट पाहत होती. परकराला शोभेल म्हणून तिने त्याचा रंगही ठरवून ठेवला होता.

त्या वर्षी आमच्याकडे मेडशीकडचा एक सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी, नवा लागला होता. त्याची मुलगी बहिणीच्याच वयाची. रोज संध्याकाळी आमचा सराव चाले, तेव्हा ती कडुलिंबाच्या पारापासून दूर उभी राहून पाही. कुणी तिला हाकलत नव्हते आणि कुणी बोलावतही नव्हते. एके दुपारी मी शेतात भाकरी घेऊन गेले, तर धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या बाभळीला तिने वासरांची चार दावी बांधलेली. एक दावे धरून चार पावले जायची, ते दगडाखाली दाबायची, मग मागे येऊन दुसरे धरायची. चार मुलींचा गोफ ती एकटी विणत होती. मग तिने तो सोडवला. एकही गाठ पडली नाही.

मला तिचे कौतुक वाटले आणि स्वतःची लाजही वाटली. घरी येऊन मी आत्याला म्हटले, "माहा दोर मी त्या पोरीले देतो."

आत्या तूर पाखडत होती. तिचे सूप थांबले. "येडी झाली का वं? घरची पोरगी वाट पाहून राह्यली, अन् दोर परक्याले? ते सालदार लोक. साल सरलं का दुसऱ्या गावाले जातीन."

"जातीन तवा जातीन. यंदा तं आहेत."

"तुले कोनं देल्ला होता दोर? म्या देल्ला ना? घरची म्हनून देल्ला ना?"

"म्हनूनच तं तुले विळा आनावा लागला, आत्या."

आत्या पुन्हा तूर पाखडू लागली. मी दोघींना अंगणात फिरवून पाहिले. बहिणीचा पाय वाईट नव्हता, पण उलट्या फेरीला ती दोनदा अडखळली. सालदाराची मुलगी खाली पाहतही नव्हती. रीत अशी की दोर जिचा तिनेच तो द्यायचा, तेव्हा आत्याचाही इलाज चालला नाही. त्या कोजागिरीला गोफ सुरेख विणला गेला आणि सुरेख सुटला. बहीण घरात तोंड फिरवून बसली होती. माझी पाठवणी झाली तेव्हा तिने मला मिठी मारली नाही. सासरी जाताना गाडीत मी रडले ते माहेरासाठी कमी आणि तिच्यासाठी जास्त.

आत्याचे म्हणणेही खरे ठरले. गुढीपाडव्याला साल संपले आणि सालदार बिऱ्हाड घेऊन गेला. जायच्या आदल्या दिवशी त्याच्या मुलीने दोर धुऊन, वाळवून बहिणीच्या हातात दिला. आईने मला सांगितले, की हिवाळाभर त्या दोघी बाभळीखाली दावी बांधून फिरत होत्या. बहिणीने मात्र त्याबद्दल माझ्याशी कधी चकार शब्द काढला नाही. मीही विचारले नाही.

बहिणीला गावातच दिले. आत्या गेल्यावर गोफ तिच्याकडे आला. माझी लेक नऊ वर्षांची झाली, तेव्हा मी तिला भुलाबाईला माहेरी घेऊन गेले. मावशीच गोफ लावते म्हटल्यावर लेक नवा परकर नेसूनच पाराशी हजर झाली. खरे सांगायचे तर मीही तिची जागा धरूनच चालले होते.

बहिणीने तिला आमच्या घरचा दोर दिला, दोन फेऱ्या फिरवले, उलट्या फेरीला ती अडखळली तसा दोर काढून घेतला आणि जवळच उभ्या असलेल्या, मला अनोळखी अशा एका मुलीच्या हाती दिला.

लेक रडवेली झाली. "पन मावशी, मी तं घरची आहो ना?"

"घरची आहेस, तं घरी येऊन पोटभर जेव," बहीण म्हणाली. "गोफाले पाय लागते, बाई."

आधी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चारचौघांत माझ्या लेकीला! मग बहिणीने माझ्याकडे पाहिले. चौदा वर्षांपूर्वी मी दोर परकीला दिला, त्यावर तिने मला दिलेले हे पहिलेच उत्तर होते, आणि भर गावात मला हसू आवरेना.