सुनंदाचा उजवा हात

पंचवीस-सव्वीस वर्षं नाशिकच्या कोर्टासमोर समोसे तळले की किस्से गोळा करावे लागत नाहीत, गिऱ्हाईकच आणून टाकतं. खरं सांगू, आता सांगायचाही कंटाळा येतो. त्यात यंदाचे सगळे एकाच गोष्टीचे, माझ्या बायकोच्या उजव्या हाताचे.

तळतो मी, भरते सुनंदा. पारीचा कोन वळायचा, सारण भरायचं, पाण्याचं बोट फिरवून कड दाबायची. रोज चारेकशे. आधी हाताला मुंग्या आल्या, मग हातातून भांडी निसटायला लागली.

डॉक्टर म्हणाले, "मनगटात शीर दबलीय. ऑपरेशन लागेल. तोवर हाताला पूर्ण आराम."

आम्ही उठलो तर म्हणाले, "शुक्रवारी दवाखान्यात पूजा आहे. साठ समोसे पाठवाल ना?"

*

मग भरायला मी बसलो. माझे समोसे तेलात पडले की तोंड उघडायचे. सगळा बटाटा कढईत!

रोज दोन खाणाऱ्या एका म्हाताऱ्या वकिलांनी तुकडा मोडला, पाहिला, खाली ठेवला.

"वहिनी माहेरी गेल्यात का?"

"हात दुखतोय तिचा."

"असं? मग नुसता चहाच द्या."

*

दिंडोरीचे एक बाबा बांधाच्या केससाठी दर महिन्याला यायचे. केस संपली, बाबांचं येणं संपलं नाही.

"बाबा, निकाल लागला ना?"

"लागला की. घरी नाय सांगितलं अजून."

सुनंदाची जागा रिकामी दिसली तसं त्यांनी विचारलं. उद्या ऑपरेशन आहे म्हटल्यावर पिशवीतून द्राक्षं काढली. "घरच्यांनी वकिलासाठी दिली हायेत. मालकिणीला न्या."

*

ऑपरेशन झालं. मला समोशांची काळजी नव्हती. तिला स्वतःची वेणी घालता येत नव्हती, मला हाक मारावी लागायची आणि मग माझ्यावरच चिडायची. ते बघवत नव्हतं.

टाके काढल्यावर डॉक्टर म्हणाले, "मूठ वळा."

वळली नाही.

"अंगठा करंगळीला लावा."

तेही जमेना. मी खिडकीकडे तोंड केलं. इतक्या महिन्यांचा थकवा होता, डोळे भरून आले.

डॉक्टरांनी एक रुमाल पुढे केला. "बरं, याची घडी तरी घालून दाखवा. सावकाश."

सुनंदानं रुमाल घेतला. कोपऱ्यावर कोपरा ठेवला, एक वळण दिलं, अंगठ्यानं कड दाबली. डॉक्टर बघतच राहिले.

कोन तसाच उजव्या हातात धरून ती माझ्याकडे वळली.

"सारण?"