तांदळाच्या डब्यातला फोन

"कानापासून लांब धर गो, मेंदू नासंल!" दुकानाची पायरी चढता चढताच ती ओरडायची आणि माझ्या हातातला फोन हिसकावून काउंटरच्या पार टोकाला ढकलायची. मग दिवसभर त्या फोनला बोंबलाचा वास. मुरुडच्या मासळी बाजारासमोर माझं औषधांचं दुकान आहे. मी डॉक्टर नाही हे सांगून माझं तोंड दुखलं, पण तिच्या लेखी मी डॉक्टरीणबाईच.

ती बाजारात मासे विकायची. एकदा एक पर्यटक अगदी तिच्या डोक्याशी फोन धरून तिचा व्हिडिओ काढत होता. तिनं फोन ओढला, सुरमईशेजारी फळीवर ठेवला आणि कोयत्याचा एकच घाव घातला. भसकन धूर निघाला. पर्यटक पळाला, आख्खा बाजार हसला. तुम्हीही हसला असता.

हसण्यासारखं एवढंच. एरवी ती माझ्याकडे यायची ती मलमपट्टीला. कधी भुवई फुटलेली, कधी दात पडलेला, एकदा तर मनगट सुजून वांग्याएवढं झालेलं. नवरा मासेमारीच्या बोटीवर खलाशी.

"तो न्हाय गो मारत," ती मलाच समजवायची. "मोबाइलच्या लहरीनं त्याच्या मेंदूतला रस बिघडतो. भाचीनं दाखवलान मला, तिच्या मोबाइलवर."

पुरावाही तिच्याकडे तयार होता. बोट खोल दर्यात गेली की रेंज जाते, आणि तिथे हा देवमाणूस. कधी आवाज चढवत नाही, असं बोटीवरचेच सांगतात. परतताना किनाऱ्याजवळचा किल्ला दिसला की सगळ्यांचे फोन वाजायला लागतात. "तवाच त्याच्या कपाळावरची शीर फुगते. घरी येईस्तोवर रस पार बिघडलेला."

माझं डोकं फिरायचं. या लहरींनी मेंदूतल्या रसायनांवर काही परिणाम होतो का, हे शास्त्रज्ञ अजून शोधतायत, छातीठोकपणे कुणी सांगत नाही, असं मी तिला चारदा सांगितलं. शेवटी म्हटलं, "अगं, माझ्या नवऱ्याच्या खिशातही फोन आहे. तो कुठे मारतो मला?"

तिनं क्षणभर विचार केला. "त्याचा साधा असंल."

पावसाळ्यात मासेमारी बंद झाली, बोटी किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारल्या गेल्या आणि नवरा घरीच बसला. मला तिच्याबद्दल धास्ती वाटायला लागली. पण ती आली तीच हसत. नवरा बाहेरून आला की त्याचा फोन गुपचूप तांदळाच्या स्टीलच्या डब्यात पुरायचा आणि झाकण घट्ट लावायचं, अशी युक्ती तिला सुचली होती. "आठवडा झाला गो, हात न्हाय उचललान!" मला तिनं एक पापलेट फुकट दिलं. ते मी घेतलं, आणि खरं सांगते, मलाही बरं वाटलं.

मग एका दुपारी ती डबा छातीशी धरूनच आली. कानाची पाळी फाटून लोंबत होती, खांद्यावरचा पदर रक्तानं भिजला होता. जेवताना सुक्या जवळ्यात खडा लागला म्हणून त्यानं तिचं डोकं चुलीच्या कट्ट्यावर आपटलं होतं. मी कापूस काढला. तिनं माझा हात धरला.

"आधी त्याला फोन लाव."

मी लावला. लागला नाही.

"परत लाव."

नाहीच लागला. डबा आमच्या दोघींच्या मध्ये गप्प होता.

"तो जेवायला बसला तवापासून फोन ह्यात हाय. रेंज न्हाय ना ह्यात?"

"नाही."

"मग मारलान तो कोण?"

"तुझा नवरा," मी म्हणाले.

ती रडली नाही. मान खाली घालून फक्त म्हणाली, "व्हय." मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं, टाके पडल्यावर पोलीस ठाण्यात. तक्रारीत लहरींचा एक शब्द तिनं येऊ दिला नाही. तिथून ती एसटीनं बहिणीकडे, हरिहरेश्वरला गेली. परत आली नाही. डबा माझ्याकडेच राहिला.

दुसऱ्या दिवशी नवरा फोन शोधत दुकानात आला. मी झाकण काढून डबा पुढे सरकवला. त्यानं तांदळात हात घालून फोन काढला आणि रेंज आल्याबरोबर तो वाजायला लागला. फोन कानाला लावून तो माझ्यासमोरच बोलत राहिला, हसत, मऊ आवाजात. माझी नजर त्याच्या कपाळावर. काउंटरखाली मी डब्याचं झाकण इतकं घट्ट धरलं होतं की त्याची कड तळव्यात रुतली.

बोलून झालं, तसा त्यानं मला वाकून नमस्कार केला. "लय उपकार झाले, ताई."

शीर फुगली नव्हती.