ओल्या बाभळीचे ठोकळे

गाडी उंच केली की भारी दिसते, एवढंच खरं कारण होतं. बाकीची कारणं दादानं मागाहून गोळा केली. तो आजही हे कबूल करणार नाही, पण मी त्याच अंगणात होते, मला कोण सांगणार?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोपरगावच्या अलीकडं, पाटाच्या कडेला आमचं सुताराचं घर. आमचे वडील, आबा, बैलगाड्या करायचे. पण ट्रॅक्टर आले आणि गाड्यांचं काम बंद पडलं. माझ्या थोरल्या भावानं, म्हणजे दादानं, जुनी पिकअप घेतली. आजूबाजूच्या मळ्यांतला झेंडू अन् गुलाब तो रोज सकाळी शिर्डीला न्यायचा. वहिनी शेजारी बसून जायची आणि तिथं फुलं विकायची. मी घरी राहून पाट्या भरून द्यायची.

पावसाळ्यात मळ्याच्या रस्त्यात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडायच्या आणि पिकअप मधल्या उंचवट्यावर टेकायची. दादानं नगरला कुणाची तरी उंच केलेली गाडी बघितली आणि तेच डोक्यात घेतलं. नागापूरच्या एका मिस्त्रीकडं गेला. मिस्त्री शहाणा माणूस. त्यानं सांगितलं की बॉडी उचलून काही उपयोग नाही, चिखलात टेकतोय तो मागच्या दोन चाकांमधला लोखंडी गोळा, आणि बॉडी माडीवर नेऊन ठेवली तरी तो आहे तिथंच राहणार. उचलायचीच असेल तर लोखंडी तुकडे नीट बनवून घ्या, स्टिअरिंगचा दांडा लांब करा, ब्रेकचे पाइप बदला. दादा घरी येऊन म्हणाला, मिस्त्रीला काही कळत नाही.

मग घरीच घाट घातला. बॉडी आणि चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, यांच्यामध्ये रबराचे गुटके असतात, ते काढले आणि त्यांच्या जागी चार-चार इंचांचे बाभळीचे ठोकळे घातले. बोल्ट म्हणून साध्या सळईला लेथवर आटे पाडून आणले. स्टिअरिंगचा दांडा ओढून ओढून कसाबसा पुरवला. ठोकळे अर्थातच आबांनी करायचे. दोन वर्षांत लाकूड तासायचा वाकस हातात धरला नव्हता माणसानं. घरात वाळलेलं लाकूड उरलं नव्हतं, बांधावरची बाभळ नुकतीच तोडलेली होती. आबा म्हणाले, ही ओली हाय, वरीसभर मुरू दे. दादा म्हणाला, उद्याच पायजे. आणि आबांनी केले! चाळीस वर्षं ज्यांनी ओल्या लाकडाचा एक आरा चाकात बसू दिला नाही, त्यांनी पोराच्या हट्टापायी केले. वर किती आनंदानं केले! मला त्या आनंदाचाच अजून राग येतो.

गाडी तयार झाली तेव्हा बॉडी आणि चासीच्या मधून पलीकडचा गोठा दिसत होता. पहिल्याच पावसात ती त्याच चाकोरीत, त्याच जागी टेकली. मी हसले तर दादा अंगावर आला, बाईमाणसाला गाडीतलं काय कळतंय म्हणाला. नऊवारी नेसणाऱ्या वहिनीला आता वर चढता येईना, म्हणून आबांनी उरलेल्या बाभळीचं एक छोटं स्टूल केलं. ते घेऊन मी रोज सकाळी गाडीजवळ उभी. वहिनी चढली की स्टूल उचलून तिच्या पायाशी द्यायचं, शिर्डीत चढाय-उतरायला.

चैत्र आला. वहिनीला सातवा महिना लागला होता. एक दिवस तिनं पाय ठेवला आणि स्टूल डगडग हललं. मी दुपारी बघितलं तर चारी पाय खोबणीत सैल झालेले. आमच्या घरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, की उन्हाळ्यात लाकूड आटतं. म्हणून तर गाड्यांची चाकं पाण्यात टाकून ठेवायची. मी स्टूल खाली ठेवलं आणि गाडीकडं बघितलं. ठोकळे त्याच लाकडाचे होते.

संध्याकाळी मी गाडीखाली शिरले. पान्याची गरजच पडली नाही, ठोकळ्याच्या बोल्टचा नट बोटानं फिरत होता. दुसरा फिरवला, तिसरा फिरवला. दादाला सांगितलं तर म्हणाला, रविवारी आवळू. आबांना सांगितलं. ते स्वतः खाली वाकले, हात लावून बघितला आणि हात पुसत उठले. त्याच्याशी बोलतो म्हणाले. रात्री जेवणं झाली, सगळे झोपले, आबा काही बोलले नाहीत. मिळवत्या पोरापुढं बापाची जीभ उचलत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

सकाळी मी स्टूल घेऊन घरात जाऊन बसले. त्याच्यावरच बसले. दादा ओरडला, पण मी हलले नाही. वहिनीला तसं चढणं शक्यच नव्हतं. निघताना आडवी आलीस म्हणून मला शिव्या घालत तो एकटाच फुलं घेऊन गेला.

पाटाच्या वळणावर समोरून ट्रॅक्टर आला. दादानं ब्रेक दाबला तशी चाकं थांबली आणि बॉडी ठोकळ्यांवरून पुढं सरकली. स्टिअरिंग जे अडकलं ते वळलंच नाही. गाडी पाटात. वहिनी बसायची ती बाजू पार आत चेपली होती. दादाचं गळ्याजवळचं हाड मोडलं, तेवढ्यावर निभावलं.

आणि घरी आल्यावर हा माणूस काय म्हणाला? नाचता येईना अंगण वाकडं! चार लोकांत म्हणाला, बापाच्या लाकडानं घात केला, आणि बहिणीनं अपशकुन केला. मी आबांकडं बघितलं. आता तरी बोला म्हटलं. आबा खाली बघत म्हणाले, "खरं हाय त्याचं. ओलं लाकूड मीच दिलं."

तेव्हा दारात उभी असलेली वहिनी पुढं आली. नवऱ्यासमोर कधी आवाज न चढवणारी बाई. "वन्संनी स्टूल न्हेलं म्हनून मी अन् माझं लेकरू हाय," ती म्हणाली. "आता ह्या घरात कुनी अपशकुन म्हनायचं न्हाई."

पुढं गाडी दुरुस्त झाली, रबराचे गुटके परत बसले. दादा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, बॉडी उचलू नये, माझा अनुभव आहे. पडलं तरी नाक वर! आबा मान डोलवायचे आणि मी चहा द्यायची.

वहिनी मात्र बाळंत होऊन माहेरून आली, तेव्हा बाळाला कडेवर घेऊन गाडीपाशी थांबली. दादानं दार उघडून धरलं तरी ती चढेना, माझ्याकडं बघत राहिली. मी पदर खोचून गाडीखाली गेले, एकेक नट बोटानं फिरवून बघितला. एकही हलला नाही. मी बाहेर येऊन मान हलवली, मगच ती चढली. माझं लग्न होईपर्यंत तिनं हा नेम मोडला नाही.