दाजी, आक्काचा हात आणि अबोध मन

आमच्या दाजींसमोर निर्धास्तपणे जांभई देईल असा माणूस केज तालुक्यात अजून जन्माला यायचाय. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक. कॉलेजात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण शिकवणं काही सुटलं नाही. जांभई, उचकी, अडखळलेला शब्द, सगळ्याच्या मुळाशी त्यांना दाबलेली इच्छा दिसायची. एसटीत कंडक्टर तिकीट द्यायला विसरला, तर ह्यांनी भर गर्दीत त्याला विचारलं, "लहानपणी वडलांचा लई धाक होता का?" तो म्हणाला, "वडील ह्याच डेपोत हायेत, विचारून सांगू?" मी त्यांच्याकडं छत्री विसरलो, तेव्हा म्हणाले, "माणूस विसरत नसतो बे, ठिवून जात असतो." छत्री मात्र तीन उन्हाळे स्वतः वापरली! मेंदूचं नाव काढलं की ते हात झटकायचे. "मेंदू म्हणजे तबला. वाजवणारं मन."

अशा माणसाच्या घरात आक्काच्या डाव्या हातातून कपबशी पडली, तीही नणंदेसमोर. दाजींना कोण आनंद! "नणंदेवरचा दाबलेला राग!" आक्का म्हणाली, "माझा राग कावून दाबलेला असंल? रोज तोंडावर बोलते की!" आम्ही पोटभर हसलो. पण मग हातातून तांब्या निसटला, डोकं ठणकायला लागलं, डावा पाय फरफटायला लागला. मी दवाखान्याचं म्हटलं, तर दाजी आक्काच्या बाजेशेजारी खुर्ची घेऊन बसलेले, तिला बालपण विचारत. आक्का उत्तर देता देता मधेच पेंगली, आणि माझं टाळकंच सरकलं. "दाजी, तबला फुटल्यावर वाजवणारा काय वाजवंल?" दाजी खुर्ची सारून उठले. जीप सांगितली आणि बीड गाठलं. वाटभर ते तिचा गाल थोपटत होते. "ए, झोपू नको. कायबी बोल. मला शिव्या दे." पण ती शिव्यासुद्धा देईना.

डोक्याचा फोटो बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूवर रक्त साचलंय, आत्ताच काढावं लागेल. "मागं कधी डोक्याला मार लागला होता?"

"न्हाई," दाजी म्हणाले. "माझ्यापासून ही काहीच लपवत न्हाई."

आक्कानं डोळे न उघडताच, जड जिभेनं सांगितलं, "गेवराईला गेलते. पोरीकडं. तिच्या खोलीचं दार लई बुटकं हाय. चौकट लागली."

माझी भाची. तिनं आपल्या मनानं लग्न केलं, तेव्हापासून दाजींनी घरात तिचं नावसुद्धा घेऊ दिलं नव्हतं. जगाच्या मनातलं उकरून काढणाऱ्या माणसाची बायको लेकीला चोरून भेटत होती, आणि त्याला पत्ता नव्हता. दाजी त्या काळ्या फिल्मकडं बघत राहिले. "मॅडम, तिनं हे कावून लपवलं, ते यात दिसतं का हो?"

"नाही सर. रक्त मी काढते. ते तुम्ही बघा," म्हणाल्या आणि आत गेल्या.

आक्का वाचली, हे आधीच सांगून टाकतो, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. पण तेव्हा आम्हाला काय ठाऊक? दार बंद झालं. व्हरांड्यात दाजी बाकड्यावर बसले, उठले, पुन्हा बसले. मला वाटलं, आता कशाचा तरी अर्थ सांगतील, म्हणजे निदान बरं तरी वाटेल. त्यांनी माझ्यापुढं हात केला. "पोरीचा नंबर हाय तुझ्याकडं?"

होता. मी लावून दिला. ते फोन कानाशी धरून नुसतेच उभे. पलीकडून पोरीचा घाबरलेला आवाज मलाही ऐकू येत होता. "मामा? मामा, बोला की! आई बरी हाय ना?"

"मामा न्हाई," दाजी म्हणाले. "मी हाय."

दाजींनी भिंतीला हात टेकला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मनातलं सांगत आलेला तो माणूस लहान लेकरागत हुंदके देत होता.

"तुझी आई तुझ्याकडं आलती म्हणं," ते म्हणाले. "मला बी यायचं होतं गं."